ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला? खाऱ्या पाण्याच्या टाकीत ७६ दिवसांचं गणित का पाळावं लागतं

दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश, म्हणजे सगळ्यांचा लाडका नीमो. सोबत निळाशार ब्लू टँग, म्हणजे डोरी. एके दिवशी सकाळी लाईट लावला तर डोरीच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे सात-आठ पांढरे ठिपके. दुकानदाराला फोन जातो, एक बाटली येते, टाकीत दहा थेंब पडतात. तिसऱ्या दिवशी ठिपके गायब. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो, "औषध भारी आहे" म्हणून अंगठे येतात.

साधारण दहाव्या दिवशी डोरीच्या अंगावर शंभरेक ठिपके असतात, नीमो पंपाच्या तोंडाशी धापा टाकत असतो आणि पुढच्या आठवड्यात टाकीत नुसते दगड उरतात.

खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांमध्ये ही गोष्ट नवीन नाही. आणि बहुतेक वेळा मासे मरतात ते औषध मिळालं नाही म्हणून नाही, तर ठिपके गेल्यावर आजारही गेला असं समजल्यामुळे. कारण हा परजीवी आपल्याला दिसतो तो त्याच्या आयुष्यातला फक्त एक टप्पा. बाकीचा वेळ तो टाकीतच असतो, पण माशावर नसतो.

मग तो असतो कुठे? आणि त्याला टाकीतून घालवायचं कसं? सविस्तर बघूया.

हा आजार नेमका आहे काय?

या आजाराला मरीन इक किंवा नुसतं व्हाईट स्पॉट म्हणतात. त्याला कारण ठरतो एकपेशीय परजीवी. त्याचं शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. ग्रीक भाषेत क्रिप्टोस म्हणजे लपलेलं आणि कॅरिऑन म्हणजे केंद्रक. इरिटान्स म्हणजे त्रास देणारा. नावातच सगळं आलं, लपून त्रास देणारा.

जपानमधल्या सिकामा या अभ्यासकाने १९३० च्या दशकात समुद्री माशांमधल्या या आजाराचं वर्णन केलं होतं. पुढे १९५१ मध्ये ब्राऊन या संशोधिकेने लंडनमध्ये त्याला आजचं नाव दिलं. योगायोग म्हणजे आपल्याकडे मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं तेही १९५१ मध्येच. म्हणजे काचेआड समुद्री मासे ठेवायला लागल्यापासून माणसाची या परजीवीशी गाठ आहे.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. गोड्या पाण्यातल्या माशांनाही असाच पांढऱ्या ठिपक्यांचा आजार होतो. दिसायला दोन्ही सारखे, पण परजीवी वेगळे. गोड्या पाण्यातला वेगळा, खाऱ्या पाण्यातला वेगळा. गोल्डफिशच्या टाकीत मीठ टाकून आणि पाणी गरम करून आजार बरा झाला असेल, तर तोच उपाय इथे लागू होत नाही. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या परजीवीला आणखी मीठ टाकून काय फरक पडणार?

चार टप्प्यांचं आयुष्य

मरीन इकचा उपचार समजून घ्यायचा असेल तर आधी त्याचं आयुष्य समजून घ्यावं लागतं. ते चार टप्प्यांत चालतं.

पहिला टप्पा, माशावरचा. परजीवी माशाच्या त्वचेच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तिथेच पेशी खात फुगतो. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका तो हाच. साधारण ३ ते ७ दिवस तो इथे राहतो. माशाच्या कातडीचं पांघरूण अंगावर असल्यामुळे पाण्यात टाकलेलं औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

दुसरा टप्पा, उतरण्याचा. पोट भरलं की परजीवी स्वतःहून माशावरून उतरतो आणि तळाशी काही तास सरपटत जागा शोधतो. ठिपके गायब होतात ते इथे. औषधाचं श्रेय यात शून्य असू शकतं. औषध टाकलं नसतं तरी ते ठिपके त्या दिवशी गेलेच असते.

तिसरा टप्पा, कोषाचा. वाळू, दगड, काच, पाईप, गोगलगाईचं कवच, जिथे जागा मिळेल तिथे तो चिकटतो आणि भोवती टणक कोष करतो. आत एकाचे दोन, दोनाचे चार असं विभाजन सुरू होतं. एका कोषातून २०० पर्यंत पिल्लं बाहेर पडू शकतात. या कोषावर औषधाचा परिणाम होत नाही. बहुतेक कोष पहिल्या आठवड्याभरात फुटतात, पण सगळे नाही. काही कोष फुटायला तब्बल ७२ दिवस लागल्याची नोंद संशोधकांनी केली आहे.

चौथा टप्पा, शोधाचा. कोष फुटला की सूक्ष्म पिल्लं पोहत नवीन मासा शोधायला निघतात. त्यांच्याकडे वेळ कमी असतो. पहिल्या काही तासांत त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि साधारण एक ते दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

यातली हुशारी बघा. माशावरून उतरणं आणि कोषातून बाहेर पडणं ही दोन्ही कामं हा परजीवी मुख्यतः अंधारात करतो. कारण रात्री बरेच मासे ठरलेल्या कपारीत येऊन झोपतात. काल रात्री ज्या माशावरून उतरला, त्याच्याच झोपण्याच्या जागेजवळ पुढची पिढी जन्माला येते.

अथांग समुद्रात एवढं करूनही बहुतेक पिल्लं वाया जातात. पण २०० लिटरच्या टाकीत मासा पळून जाणार कुठे? समजा एका कोषातल्या २०० पिल्लांपैकी फक्त २० पिल्लांना मासा सापडला. पुढच्या फेरीत त्या २० चे ४००. त्याच्या पुढच्या फेरीत ८,०००. सुरुवातीचे सात-आठ ठिपके दोन-तीन आठवड्यांत मासा का मारतात, याचं उत्तर या गुणाकारात आहे. मासा मरतो तो बहुतेकदा ठिपक्यांनी नाही तर कल्ले निकामी होऊन, श्वास कोंडल्यामुळे.

मग टाकीत औषध ओतलं तर काय बिघडतं?

चार टप्प्यांपैकी औषध मारू शकतं ते मुख्यतः चौथ्या टप्प्यातल्या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणजे औषध असं हवं की जे आठवडेच्या आठवडे पाण्यात ठरलेल्या पातळीला टिकून राहील, म्हणजे कोषातून जो बाहेर येईल तो मरेल. या कसोटीला उतरणारं सगळ्यात जुनं औषध म्हणजे तांबं, म्हणजेच कॉपर.

अडचण अशी की कॉपर कोळंबी, गोगलगाय, खेकडे, प्रवाळ या सगळ्यांसाठी विष आहे. शिवाय टाकीतले चुनखडीचे दगड आणि वाळू कॉपर शोषून घेतात. त्यामुळे पाण्यातली पातळी घसरते आणि पिल्लं वाचतात. नंतर तेच दगड शोषलेलं कॉपर हळूहळू सोडत राहतात आणि महिन्यांनी आणलेली कोळंबी मरते.

आणि ज्या बाटल्यांवर "प्रवाळांसाठी सुरक्षित, परजीवींवर जालीम" असं लिहिलेलं असतं, त्यांच्याबद्दल साधा प्रश्न विचारा. एकपेशीय परजीवीला मारणारं औषध टाकीतल्या बाकीच्या नाजूक जीवांना ओळखून सोडून कसं देईल? अशा बाटल्यांचं यश बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्याच्या जोरावर चालतं. ठिपके तसेही जाणारच असतात.

म्हणून नियम असा: उपचार माशावर करायचा, मुख्य टाकीवर नाही.

पण ठिपका म्हणजे मरीन इकच, हे कशावरून?

औषध निवडण्याआधी रोग ओळखणं महत्त्वाचं आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत चार परजीवी जास्त त्रास देतात आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत.

मरीन इक: मिठाच्या कणांसारखे सुटे ठिपके. मासा दगडावर अंग घासतो. ठिपके येतात, जातात, वाढून परत येतात. टँग जातीच्या माशांना तो पटकन पकडतो.

मरीन वेल्व्हेट: हा अमायलोऊडिनियम नावाचा परजीवी. ठिपके इतके बारीक की अंगावर सोनेरी-राखाडी धूळ बसल्यासारखी दिसते. अनेकदा तो आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे धूळ दिसण्याआधीच मासा धापा टाकतो, खाणं सोडतो, पंपाच्या धारेत तोंड करून उभा राहतो. हा सगळ्यात घातक. काही वेळा एक-दोन दिवसांत टाकी साफ करतो. यावर कॉपर चालतं, पण पाण्यातलं मीठ कमी करण्याचा उपाय चालत नाही.

ब्रुकलिनेला: क्लाउनफिशमध्ये जास्त दिसतो म्हणून याला क्लाउनफिश डिसीजही म्हणतात. अंगावर पांढुरका चिकट थर येतो, कातडी सोलल्यासारखी दिसते. यावर कॉपर उपयोगी पडत नाही. फॉर्मेलिनचे स्नान हा जुना उपाय आहे, पण फॉर्मेलिन माणसासाठीही घातक रसायन आहे. जाणकाराशिवाय आणि बंद खोलीत ते हाताळू नये.

फ्लूक: हे चपटे कृमी, जवळजवळ पारदर्शक. मासा मान झटकतो, डोळे धुरकट होतात. यांच्यावर प्रॅझिक्वांटेल हे औषध चालतं. पण त्याने अंडी मरत नाहीत, म्हणून साधारण आठवड्याभराने पुन्हा डोस द्यावा लागतो. माशाला गोड्या पाण्यात ५ मिनिटं ठेवलं तर हे कृमी पांढरे पडून खाली गळताना दिसतात. त्या पाण्याचं तापमान आणि पीएच टाकीसारखंच असावं, त्यात हवा सोडलेली असावी आणि मासा कोलमडताना दिसला तर लगेच बाहेर काढावा.

थोडक्यात काय, तर धापा टाकणारा मासा दिसला की ठिपके मोजत बसू नका. वेल्व्हेट असेल तर तुमच्याकडे दिवस नाहीत, तास आहेत. शंका असेल तर माशाच्या त्वचेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

मरीन इक नक्की झाला, आता काय?

पहिलं काम, दुसरी टाकी उभी करणं. यासाठी महागडं काही लागत नाही. मासे लहान असतील तर ४० ते ८० लिटरची साधी टाकी, हीटर, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आणि मासा लपायला पीव्हीसी पाईपचे दोन-चार तुकडे. यात वाळू नाही, दगड नाही. नवीन स्पंजमध्ये उपयोगी जीवाणू नसतात, त्यामुळे माशांच्या मलमूत्रातून अमोनिया साचतो आणि आजारी मासा त्यानेच मरू शकतो. रोज अमोनिया तपासणं आणि गरजेप्रमाणे पाणी बदलणं हा उपचाराचाच भाग आहे.

दुसरं काम, मुख्य टाकीतले सगळे मासे बाहेर काढणं. ठिपके असलेले, नसलेले, सगळे. एकच गोबी दगडाच्या फटीत राहिला तरी परजीवीला जेवण मिळालं आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात गेली.

तिसरं काम, तीनपैकी एक उपचार निवडणं.

कॉपर: औषधाच्या पातळीवर साधारण ३० दिवस. कॉपरचे दोन प्रकार बाजारात मिळतात आणि दोघांचे आकडे वेगळे आहेत. साध्या आयनिक कॉपरची पातळी पूर्वापार लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम धरली जाते, तर काही चीलेटेड औषधांमध्ये ती २ मिलिग्रॅमच्या पुढे असते. म्हणून मित्राने सांगितलेला आकडा तुमच्या बाटलीला लावू नका, लेबलवरचा पाळा. कॉपर मोजायची टेस्ट किट त्या प्रकारासाठी चालते का हेही बघा. पातळी दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवा. मध्येच पातळी खाली गेली तर ३० दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. आणि एक धोका लक्षात ठेवा. अमोनिया बांधून ठेवणारी द्रावणं कॉपरसोबत वापरली तर कॉपर माशांसाठी जास्त विषारी ठरू शकतं.

मीठ कमी करणं: समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२५ असतं. ते दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने १.००९ पर्यंत उतरवायचं आणि ३ ते ४ आठवडे तिथेच ठेवायचं. एवढं कमी मीठ बहुतेक काटेरी मासे सोसतात, पण परजीवीचे कोष त्यात सहसा टिकत नाहीत. आकडा चुकून १.०१२ झाला तर उपाय फसतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर आधी नीट जुळवून घ्यावा लागतो. कमी मिठाला सरावलेले काही परजीवीही सापडलेले आहेत. शार्क, रे आणि कोळंबीसारख्या जीवांवर हा प्रयोग करू नये. उपचार संपल्यावर मीठ परत वाढवताना घाई नको, त्याला काही दिवस द्यावेत.

टाकी बदलणं: यात औषधच नाही. दोन साध्या टाक्या घ्यायच्या. दर तिसऱ्या दिवशी, म्हणजे ७२ तास पूर्ण व्हायच्या आत, मासा दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या केलेल्या आणि ताज्या खाऱ्या पाण्याने भरलेल्या टाकीत हलवायचा. असं सलग चार वेळा, एकूण १२ दिवस. डोकं लावलंय ते इथे: परजीवी ७ दिवसांत माशावरून उतरतोच आणि कोष फुटायला किमान ३ दिवस लागतात. म्हणजे तो उतरून कोष करतो तोवर मासा दुसऱ्या घरी गेलेला असतो. जुनी टाकी, फिल्टर, पाईप सगळं धुऊन पूर्ण सुकवलं की कोष मरतात. मासा हलवताना जुनं पाणी सोबत जाता कामा नये. हा उपाय फक्त मरीन इकसाठी आहे, वेल्व्हेटवर तो चालत नाही.

मुख्य टाकीला सुट्टी, ७६ दिवसांची

मासे एका बाजूला बरे होत असताना मुख्य टाकीत काय चाललंय? तिथे वाळूत आणि दगडांवर कोष आहेतच. ते फुटतील, पिल्लं बाहेर पडतील, मासा शोधतील आणि मासाच नसल्यामुळे मरतील. हे टाकीत होऊ द्यायचं. त्यासाठी हवा फक्त वेळ.

किती? सगळ्यात उशिरा फुटलेला कोष ७२ दिवसांचा. त्यात पिल्लांच्या आयुष्याचे दिवस आणि थोडी सवड मिळवली की ७६. जगभरातले हौशी मत्स्यपालक हाच आकडा पाळतात. १ जूनला शेवटचा मासा बाहेर काढला तर ७६ दिवस पूर्ण होतात १६ ऑगस्टला. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झालेली सुट्टी स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी संपते.

या काळात टाकी बंद करायची नाही. पंप, फिल्टर, दिवे, हीटर सगळं नेहमीसारखं. कोळंबी आणि गोगलगाई आतच राहतात, त्यांना खाणं द्यायचं. त्यातून फिल्टरमधले जीवाणूही जगतात. पण आजारी टाकीतली जाळी, बादली, पाईप किंवा ओला हातसुद्धा इकडे येऊ द्यायचा नाही. आलाच तर दिवस पुन्हा एकपासून मोजायचे.

बरेच जण इथेच हार मानतात. टाकीत मासा नाही, घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो "मासे कुठे गेले?", मुलं रोज विचारतात "डोरी कधी येणार?" चाळिसाव्या दिवशी वाटतं की आता काय व्हायचं ते झालं, सोडूया. पण ७६ दिवसांची रिकामी टाकी बघणं आणि सगळे मासे गमावून नव्याने सुरुवात करणं, यातला स्वस्त पर्याय पहिलाच आहे.

लसूण, क्लीनर कोळंबी, यूव्ही दिवा... हे उपाय चालतात का?

लसूण: लसणाच्या वासाने काही मासे आवडीने खातात, इतपत ठीक. माशाच्या त्वचेखालचा परजीवी लसणाने मरतो यावर विसंबून राहू नये.

क्लीनर कोळंबी आणि क्लीनर मासा: हे माशाच्या अंगावरचे मोठे कृमी, मेलेली कातडी टिपून खातात. इकचा परजीवी कातडीच्या थराखाली असतो. तिथपर्यंत त्यांचं तोंड पोहोचत नाही.

यूव्ही दिवा: दिव्याच्या नळीतून जाणारी पिल्लं मरतात हे खरं. पण जी पिल्लं नळीत जाण्याआधीच शेजारी झोपलेला मासा गाठतात त्यांचं काय? यूव्हीमुळे पाण्यातली संख्या कमी होते, आजार संपत नाही.

माझे मासे औषधाशिवाय बरे झाले: हेही घडतं. आजारातून वाचलेल्या माशात काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती तयार होते, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण असा मासा बाहेरून ठणठणीत दिसत असताना कल्ल्यांमध्ये मोजके परजीवी बाळगू शकतो. मग एक नवीन मासा आणला, लाईट जाऊन पाणी तापलं किंवा टाकीत मारामारी झाली की आजार पुन्हा डोकं वर काढतो. लोक म्हणतात, नवीन माशाने रोग आणला. कधी कधी रोग टाकीतच असतो, नवीन मासा फक्त बळी ठरतो.

मुळात आजार येऊच नये म्हणून काय करायचं?

समुद्री हौशी टाक्यांमधले बहुतेक मासे आजही थेट समुद्रातून पकडलेले असतात. प्रवाळ खडकापासून पकडणारा, साठवणारा, निर्यातदार, आयातदार, दुकानदार असा प्रवास करत मासा घरी येतो. वाटेत तो अनेक माशांच्या पाण्यात राहतो. अनेक दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं. शिवाय काही विक्रेते पाण्यात थोडं कॉपर ठेवतात किंवा मीठ कमी ठेवतात. त्यामुळे दुकानात मासा स्वच्छ दिसतो आणि घरच्या पाण्यात आल्यावर ठिपके दिसू लागतात. यात दुकानदाराने फसवलं असंच असतं असं नाही, आजार दबलेला असतो एवढंच.

म्हणून क्रॉफर्ड मार्केटमधून आणा, ऑनलाईन मागवा नाहीतर मित्राकडून घ्या, नियम एकच. कोरोनाच्या काळात सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालेला शब्द: क्वारंटाईन.

नवीन मासा किमान ३० दिवस वेगळ्या टाकीत ठेवा. तो खातोय का, श्वास कसा घेतोय, अंग घासतोय का हे रोज बघा. ठिपके दिसले तर उपचार तिथेच करता येतात, मुख्य टाकीला धक्का लागत नाही.

दुकानाच्या पिशवीतलं पाणी कुठल्याच टाकीत ओतू नका. पाण्याचं तापमान आणि मीठ जुळवून झालं की फक्त मासा घ्या, पाणी फेकून द्या.

गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ आणि दगड यांना इक होत नाही, पण त्यांच्यावर कोष चिकटून येऊ शकतो. त्यांना मासे नसलेल्या टाकीत तेच ७६ दिवस ठेवणं हा सुरक्षित मार्ग. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खडक तयार करणाऱ्या प्रवाळांना आणि समुद्री घोड्यांना संरक्षण आहे. किनाऱ्यावर फिरायला गेल्यावर प्रवाळाचा तुकडा टाकीसाठी उचलून आणणं आजाराच्या आधी कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतं.

दोन टाक्यांमध्ये अंतर ठेवा. वेल्व्हेटची पिल्लं हवेच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर शेजारच्या टाकीत जाऊ शकतात, असं प्रयोगात दिसलं आहे. शक्य असेल तर क्वारंटाईनची टाकी दुसऱ्या खोलीत, नाहीतर निदान ३ मीटर लांब ठेवा. जाळी आणि बादली प्रत्येक टाकीची वेगळी.

समुद्राचं पाणी थेट आणून ओतू नका. त्यातून परजीवी आणि प्रदूषण दोन्ही येऊ शकतं. आरओच्या पाण्यात टाकीसाठीचं समुद्री मीठ मिसळणं जास्त सुरक्षित.

टँकमध्ये पैदास केलेले मासे मिळत असतील तर ते घ्या. क्लाउनफिशची टाकीत पैदास होते. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र विकसित केलेलं आहे. असे मासे टाकीतल्या आयुष्याला सरावलेले असतात आणि समुद्रातला एक मासा कमी होत नाही. क्वारंटाईन मात्र त्यांनाही चुकत नाही.

आणि शेवटचं, आजारी मासा खाडीत, समुद्रात किंवा गटारात सोडू नका. त्याने मासा वाचत नाही. उलट त्याच्या अंगावरचा परजीवी तिथल्या माशांपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी होते.

हे सगळं एका माशासाठी?

असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण क्लाउनफिश नीट सांभाळला तर टाकीत २० वर्षांहून जास्त जगू शकतो. म्हणजे घरात आज पहिलीत असलेलं मूल कॉलेज संपवून नोकरीला लागेपर्यंत तोच नीमो टाकीत असू शकतो. अनेक घरांत मात्र तो पहिल्याच आजारात जातो, कारण ठिपके गेल्यावर उपचार थांबतो.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी ग्रुपवर "तीन दिवसांत ठिपके गायब" असा फोटो टाकला तर अंगठा देण्याआधी त्याला एक प्रश्न नक्की विचारा: मासे दुसऱ्या टाकीत काढलेत का, आणि आज कितवा दिवस आहे?